‘धाव’ की ‘घाव’? : मथळ्यांतील गोल टोकांच्या ठळक अक्षरांविषयी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकाच्या मथळ्यांचे अक्षर हळूहळू बदलत गेले आहे. गोल टोकांचे, जाड, एकसारख्या रेषेचे हे अक्षर आधी फक्त मुलांच्या पुरवणीच्या नावावर होते. तिथून ते क्रीडापानावर आले, मग आतल्या चौकटींच्या शीर्षकांवर आले, आणि गेल्या आठवड्यात एका निधनवार्तेच्या मथळ्यावरही मला ते दिसले. त्याच दिवशी क्रीडापानावर ‘अखेरच्या क्षणी धाव’ असा एकस्तंभी मथळा होता. तो मी ‘अखेरच्या क्षणी घाव’ असा वाचला आणि कोणा खेळाडूला दुखापत झाली असे समजून बातमी वाचायला घेतली. बातमीत दुखापत कुठेच नव्हती. धावपटूने शर्यत जिंकली होती. अक्षरे आखण्याच्या कामात माझी तीसेक वर्षे गेली असल्यामुळे, दोष माझ्या डोळ्यांचा की छपाईचा हे ठरवण्यासाठी मी भिंग काढले. ‘ध’च्या डाव्या वळशाचे वरचे टोक आणि शिरोरेषेचे डावे टोक यांच्यामध्ये जी फट असायला हवी, ती शाईने बुजून गेली होती. ती फट बुजली की घाईत वाचणाऱ्यापुरता तरी ‘ध’चा ‘घ’ होतो. हे पत्र त्या एका फटीविषयी आहे असे म्हटले तरी चालेल.

हे अक्षर मला नावडते असा मात्र कृपया समज करून घेऊ नये. मी स्वतः ते अनेकदा वापरले आहे, आणि त्याच्यावर सरसकट ‘पोरकट’ असा शिक्का मारला जातो तो मला मान्य नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की या अक्षराचा आवाज ठरलेला आहे, त्याचा आकारही ठरलेला आहे, आणि या दोन्हींच्या मर्यादेबाहेर त्याला नेले की ते गोंधळ घालते.

आधी ते बनते कसे ते पाहू. रोमन अक्षरांच्या टोकांना जे छोटे आडवे पाय असतात त्यांना सेरिफ म्हणतात. ते पाय नसलेले अक्षर म्हणजे सॅन्स सेरिफ, ज्याचा पहिला छापील नमुना १८१६ च्या सुमारास लंडनच्या कॅस्लन घराण्याच्या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, दाखवला. आणि पाय गेल्यावर उरलेले सपाट टोकही गोलाईत संपवले की ते राउंडेड होते. त्यातही दोन जाती आहेत. एकीत फक्त कोपरे बोथट केलेले असतात, म्हणजे लाकडी टेबलाची कड पॉलिश कागदाने मारावी तसे, आणि अक्षराचा चौकोनी बांधा कायम राहतो. दुसरीत रेषेचे टोक पूर्ण अर्धवर्तुळ असते, म्हणजे गोलाईची त्रिज्या रेषेच्या जाडीच्या बरोबर निम्मी असते. आपल्या मथळ्यांत वापरलेले अक्षर या दुसऱ्या जातीचे आहे.

ऐकायला हे इतके सोपे वाटते की संगणकावर कुठलेही जाड अक्षर घ्यावे, कोपरे गोल करण्याची आज्ञा द्यावी आणि काम संपले, असे कोणालाही वाटेल. तसे केलेले अक्षर मात्र लगेच उघडे पडते. सरळ रेषा जिथे अर्धवर्तुळाला मिळते, तिथे भूमितीच्या हिशेबाने काहीही चुकलेले नसते, तरी डोळ्याला त्या जागी बारीकशी सूज दिसते. म्हणून जाणकार अक्षरकार तिथे निव्वळ कंपासाचे वर्तुळ न ठेवता सरळ रेषा थोडी आधीपासूनच, कळेल न कळेल अशी, आत वळवायला घेतो. दुसरे असे की गोल टोकाची रेषा मोजून तेवढीच लांब असली तरी आखूड भासते, कारण तिचे दोन्ही कोपरे गेलेले असतात. रोमनमधला ‘ओ’ सपाट डोक्याच्या ‘एच’एवढाच दिसावा म्हणून तो वर-खाली शेकडा एक ते तीन इतका जास्त काढावा लागतो, हे अक्षरकामातले जुने शहाणपण आहे, गोल टोकांच्या अक्षरात ही सवलत जवळजवळ प्रत्येक रेषेला द्यावी लागते. तिसरे म्हणजे सांधे. दोन जाड रेषा जिथे मिळतात तिथे काळेपणा साचतो, आणि अक्षराच्या बाहेरची टोके गोल केल्यावर आतले कोन टोकदार ठेवायचे की तेही भरून घ्यायचे, हा निर्णय सबंध अक्षराचा स्वभाव ठरवतो. आतले कोन भरले तर अक्षर कणकेच्या गोळ्यासारखे होते. टोकदार ठेवले तर त्याला थोडा कणा राहतो. मला स्वतःला दुसरा मार्ग बरा वाटतो.

गोल टोक आधी हत्यारातून आले, हौस म्हणून ते पुढे वापरले गेले. इंग्लंडमधील लेस्टर इथल्या टेलर, टेलर अँड हॉब्सन या भिंगे बनवणाऱ्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धातूवर अक्षरे कोरण्याचे यंत्र केले. त्यात फिरती सुई अक्षराच्या मार्गाने जाते. फिरणारी वस्तू कोपरा कोरू शकत नाही, म्हणून प्रत्येक रेषेची सुरुवात आणि शेवट आपोआप गोल होतो. अमेरिकेत गॉर्टन या नावाने ओळखली जाणारी ही अक्षरे कळफलकांवर, यंत्रांच्या पाट्यांवर आणि अपोलो यानांच्या नियंत्रणफलकांवरही पोचली. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमधल्या लाकडी पाट्यांवरची अक्षरे राउटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या फिरत्या पात्याच्या यंत्राने, कोरलेली असल्यामुळे त्यांची टोकेही अशीच गोल आहेत. निऑनच्या नळीला कोपरा नसतो. शाईच्या नळीदार पेनाच्या निबालाही नसतो, आणि जुन्या अभियंत्यांच्या नकाशांवरचे अक्षर पाहिले की ते लगेच पटते. या सगळ्या ठिकाणी गोल टोकाचा अर्थ ‘गोंडस’ असा नव्हता. तो ‘यंत्राने नीट, एका हाताने केलेले काम’ असा होता.

गोंडसपणाचा अर्थ त्याला जाडीमुळे चिकटला असे मला वाटते. बारीक गोल टोकाचे अक्षर तांत्रिक दिसते आणि तेच जाड केले की गुबगुबीत दिसते, कारण बारीक रेषेच्या टोकाची गोलाई डोळ्याला जाणवतच नाही, तर जाड रेषेत तीच अक्षराची मुख्य खूण बनते. १९७० मध्ये बॉब न्यूमन यांनी लेट्रासेट या घासून उमटवायच्या अक्षरांच्या कंपनीसाठी केलेले ‘फ्रँकफर्टर’ हे अक्षर पाहावे. त्याचे नावच सॉसेजवरून घेतलेले आहे आणि ते खरोखर तसेच दिसते. पण त्यानंतर नऊच वर्षांनी, १९७९ मध्ये, फोक्सवॅगनने आपल्यासाठी ‘व्हीएजी राउंडेड’ करवून घेतले. फोक्सवॅगनचे अक्षर तोवर फ्यूचुरा होते आणि तिच्या ताब्यात आलेल्या आउडीचे टाइम्स; दोघांपैकी कोणाचेच न ठेवता तिसरे, नवे, गोल टोकांचे अक्षर आणले गेले. मोटारींची कंपनी पोरकट दिसण्यासाठी पैसे खर्च करत नाही. हेच अक्षर पुढे १९९९ पासून दीडेक दशक ॲपलच्या कळफलकांवर होते, आणि ज्यांनी त्या कळा रोज दाबल्या त्यांतल्या बहुतेकांना ते गोल आहे हे लक्षातही आले नसेल. जपानमध्ये तर गोल टोकांच्या अक्षरांचा ‘मारू गोथिक’ असा रीतसर वेगळा वर्गच आहे, आणि तो रस्त्यावरच्या व रेल्वेच्या पाट्यांवर गंभीर कामासाठी वापरला जातो. तेव्हा गोल म्हणजे बालिश हे समीकरण सार्वत्रिक नाही. शब्द किती, आकार केवढा, रेषा किती जाड आणि शेजार कोणाचा, यांवर ते ठरते.

तरीही गोलाईला काहीएक मूळचा अर्थ आहे, हेही नाकारता येत नाही. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी १९२९ मध्ये दोन निरर्थक शब्द आणि दोन आकृत्या, एक टोकदार व एक गोल, लोकांपुढे ठेवून कोणता शब्द कोणाचा असे विचारले होते. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी तोच प्रयोग ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी मांडला, आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक गोल आकृतीला ‘बूबा’ म्हणतात असे नोंदवले. मराठी माणसाला यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. ‘गुबगुबीत’ हा शब्द तोंडातच गोल होतो आणि ‘टोकेरी’ तोंडातच टोचतो. बार आणि नेटा यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीक्ष्ण कोनांच्या वस्तूंपेक्षा वळणदार वस्तू लोकांना अधिक आवडतात असे आढळले. आवडणे मात्र एक आणि योग्य असणे दुसरे. निधनाची बातमी वाचकाला आवडावी अशी आपली अपेक्षा नसते.

आता आकाराचा हिशेब मांडतो, कारण खरी मेख तिथे आहे. समजा, ठळक अक्षराच्या रेषेची जाडी टाइपाच्या आकाराच्या शेकडा १५ आहे. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. त्यात रेषा ३.८ मिलिमीटर जाड आणि टोकाची त्रिज्या १.९ मिलिमीटर. ही गोलाई हातभर अंतरावरून स्वच्छ दिसते. तेच अक्षर १२ पॉइंटात बसवले की रेषा जेमतेम ०.६ मिलिमीटर आणि त्रिज्या ०.३ मिलिमीटर होते. वृत्तपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरतेच; साधे सपाट टोकही तिथे छापून येईपर्यंत बोथट झालेले असते. म्हणजे लहान आकारात गोलाई दिसत नाही, तिचा स्वभाव पोचत नाही, आणि जाडीमुळे अक्षरांची पोटे, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, तेवढी बुजतात. फायदा गेला, तोटा उरला. पडद्यावरही हेच होते: १६ पिक्सेलच्या मजकुरात ही त्रिज्या एका पिक्सेलच्या आसपास येते आणि कडा मऊ करण्याच्या प्रक्रियेत विरघळते.

म्हणून हे अक्षर मोठे, थोड्या शब्दांचे आणि एकटे असावे. पुरवणीचे नाव, सदराचे बोधचिन्ह, एखादा मोठा आकडा, स्पर्धेची हाक, दोन-तीन शब्दांचे पोस्टर, ॲपमधले बटण, खेळण्याच्या खोक्यावरचे नाव, दुरून वाचायची प्रकाशित पाटी ही त्याची घरे आहेत. गडद पार्श्वभूमीवर पांढरे वापरले तर ते विशेष खुलते, कारण उजळ अक्षर डोळ्याला मुळापेक्षा थोडे फुगलेले दिसते आणि इथे फुगणे त्याच्या प्रकृतीला मानवते. फक्त अक्षरांमधले अंतर तेव्हा जरा वाढवावे लागते. सलग परिच्छेदासाठी मात्र ते घेऊ नये. सगळ्या रेषा सारख्या जाड आणि सगळी टोके सारखी गोल असल्यामुळे अक्षराअक्षरांतला फरक कमी होतो, आणि दहा ओळींनंतर डोळा घसरायला लागतो.

रोमन अक्षरांच्या बाबतीत इतके सांगून थांबता आले असते. देवनागरीची अडचण वेगळी आणि मोठी आहे. देवनागरीचे वळण बोरूचे आहे. तिरक्या कापाच्या बोरूने रेषा आपोआप कुठे जाड, कुठे बारीक होते आणि टोकाला तिरका काप येतो. एकसारख्या जाडीची, गोल टोकांची देवनागरी काढायची म्हणजे बोरू बाजूला ठेवून दुसरेच हत्यार मनात धरावे लागते. ते धरले तरी शिरोरेषा आडवी येते. शिरोरेषा ही शब्दाची एक सलग रेषा असते, पण फॉन्टमध्ये ती अक्षराअक्षराला तुकड्यांनी जोडलेली असते. प्रत्येक तुकड्याची टोके गोल केली, तर दोन अक्षरांच्या सांध्यावर वर-खाली दोन बारीक खाचा पडतात आणि शब्दाची रेषा मण्यांच्या माळेसारखी दिसते. खाचा टाळण्यासाठी तुकडे एकमेकांवर चढवावेत, तर शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी रेषा तेवढीच बाहेर डोकावते. आणि गोल टोक आखूड भासते म्हणून ते थोडे लांबवावे लागते, हे मी वर सांगितलेच आहे. आता ‘ध’ आणि ‘भ’ डोळ्यांपुढे आणावेत. या दोन्हींची ओळख म्हणजे डावीकडे न पोचलेली शिरोरेषा. जाडीमुळे वळसा फुगलेला, गोलाईसाठी रेषा लांबवलेली, आणि वर शाई पसरलेली. फट तीन बाजूंनी खाल्ली जाते. मग ‘धाव’चा ‘घाव’ होतो, ‘धडा’चा ‘घडा’ होतो, आणि ‘शुल्क भरणार’ या निरुपद्रवी मथळ्यातले क्रियापद कोणी काय वाचेल याची मला खरोखर धास्ती वाटते.

याशिवाय मराठीच्या स्वतःच्या काही गोष्टी आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा ‘र’ म्हणजे एक लहानशी वळलेली पापणी; जाड रेषेत ती पापणी न राहता ठिपका होते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ठ’ यांची पोटे आधीच लहान. वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले, जसे ‘वर्षीं’मध्ये जुन्या लेखनात येत, तर वर नुसता काळा पुंजका दिसतो. अनुस्वार तर मुळातच गोल. बाकी सगळ्या रेषांची टोकेही गोल झाली की त्याचे वेगळेपणच जाते.

हे सगळे सोडवता येत नाही असे नव्हे. ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या समूहाने केलेला ‘बालू’ हा जाड, गोलसर फॉन्ट देवनागरीसह अनेक भारतीय लिपींत मोफत उपलब्ध आहे, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच जाड्या दिलेल्या आहेत. त्यात प्रत्येक लिपी तिच्या वळणाने आखलेली आहे, रोमनचे कपडे देवनागरीच्या अंगात घातलेले नाहीत. पण असा नीट केलेला फॉन्टही पान लावताना बिघडवता येतो, आणि मला वाटते आपल्याकडे तेच होत आहे.

भिंगातून पाहिलेल्या त्या मथळ्यात उभे काने शिरोरेषेपेक्षा स्पष्टपणे बारीक होते आणि टोकांची अर्धवर्तुळे लंबगोल झाली होती. याचा अर्थ एकच निघतो: मथळा स्तंभात मावेना म्हणून अक्षर आडवे दाबले आहे. रुंदी ८० टक्के केली की उभ्या रेषांची जाडी ८० टक्के होते, आडव्या शिरोरेषेची मात्र पूर्ण राहते, आणि ‘ध’ची फटही त्याच हिशेबाने आवळली जाते. सपाट टोकांच्या अक्षरात हा अपराध बऱ्याचदा झाकला जातो. गोल टोकांच्या अक्षरात झाकला जात नाही, कारण वर्तुळ दबलेले डोळ्याला लगेच कळते. मुळातच ठळक असलेल्या अक्षरावर संगणकातले ठळक करण्याचे बटण पुन्हा दाबण्याची खोडही तशीच. त्याने नवे जाड अक्षर येत नाही. असलेल्या अक्षराभोवती रेघेचा आणखी एक लेप बसतो आणि पोटे आतून भरतात. पाने लावणाऱ्या सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. रात्री उशिरा, पान सुटायच्या वेळी, एक अक्षर जास्त झालेला मथळा हाती असताना काय करावे लागते हे मला ठाऊक आहे. मीही ते केले आहे.

तेव्हा विनंती अशी की मुलांच्या पुरवणीचे नाव, सदरांची बोधचिन्हे आणि मोठ्या आकड्यांच्या चौकटी या अक्षरात जरूर राहू द्याव्यात. तिथे ते खरोखर छान दिसते. निधन, अपघात, न्यायालय आणि आरोग्यविषयक सूचना यांच्या मथळ्यांवरून मात्र ते काढावे. दोनस्तंभी मथळ्यापेक्षा लहान जागी ते वापरू नये, आणि मावत नसेल तर अक्षर दाबण्याऐवजी शब्द बदलावा किंवा एक जाडी खाली यावे. नवा फॉन्ट पानावर घेण्याआधी ‘धाव घाव भर मर दुसऱ्या वाऱ्यावर क्षण’ एवढी एक ओळ आपल्याच कागदावर, आपल्याच यंत्रावर, मथळ्याच्या सर्वांत लहान आकारात छापून पाहावी आणि ती अक्षरकामाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी हातभर अंतरावरून वाचायला द्यावी.

त्या मथळ्याचे कात्रण पत्रासोबत जोडले आहे. फट जिथे बुजली आहे तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे, भिंग लागेल.

आपला नम्र,
एक जुना वाचक आणि अक्षररेखक